होर्मुझची सामुद्रधुनी ‘बंद’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

बाणकोटची खाडी | ५ जुलै २०२५, सकाळी ९.४०

२२ जूनला इराणच्या संसदेनं होर्मुझ बंद करायला पाठिंबा दिला आणि दोन दिवस प्रत्येक वाहिनीवर तोच नकाशा, तीच लाल रेघ. २४ तारखेला इस्रायल आणि इराणमध्ये युद्धविराम झाला, रेघ पुसली गेली. आता गोंधळ ओसरलाय तर ‘बंद’ या शब्दाचा अर्थ नीट लावू या. घाटात दरड कोसळून रस्ता अडावा तसं समुद्रात काही होत नाही.

आधी जागा समजून घेऊ. सर्वांत अरुंद ठिकाणी इराण आणि ओमानमधली ही सामुद्रधुनी सुमारे २१ सागरी मैल, म्हणजे ३९ किलोमीटर रुंद आहे. मोठी जहाजं मात्र त्या सगळ्या रुंदीत फिरत नाहीत. आत जाणाऱ्यांसाठी २ मैलांची पट्टी, बाहेर पडणाऱ्यांसाठी २ मैलांची, आणि मध्ये २ मैल मोकळे. या पट्ट्या ओमानच्या मुसंदम टोकाला लागून, ओमानच्या पाण्यात आहेत. यातून जाणारा सगळ्यात मोठ्या वर्गातला टँकर, व्हीएलसीसी, साधारण ३३० मीटर लांब असतो. तो भरला की पाण्याखाली २० मीटरच्या वर जातो आणि पोटात सुमारे २० लाख बॅरल तेल नेतो. २०२४ मध्ये या वाटेनं दिवसाला सरासरी २ कोटी बॅरल तेल आणि तेलपदार्थ गेले. जग रोज जेवढं तेल वापरतं त्याचा हा पाचवा हिस्सा. एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, जागतिक व्यापाराचाही साधारण पाचवा हिस्सा इथूनच जातो, आणि त्यात बहुतेक कतारचा. कच्च्या तेलातलं ८० टक्क्यांहून जास्त आशियाकडे येतं.

माझं म्हणणं असं, की ही वाट बंद पडायला कुणी साखळी ओढावी लागत नाही. कप्तान, जहाजमालक आणि विमा कंपनी या तिघांपैकी एकानं ‘नको’ म्हटलं की ते जहाज थांबतं. अशी पुरेशी जहाजं थांबली की वाट बंद. जाणकारांनी आपापल्या कामाच्या अंगानं लिहावं. राजकीय पक्षांवरून वाद इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत.

---

होकायंत्र | ५ जुलै, सकाळी ११.०५

चांगला धागा. पुलावरच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांच्या अंगानं लिहितो.

जूनमध्ये तिथे सगळ्यात जास्त त्रास झाला तो जीपीएसमधल्या ढवळाढवळीचा. रोज शेकडो जहाजांची जागा पडद्यावर चुकीची दिसत होती. काही जहाजं तर जमिनीवर उभी असल्यासारखी. १७ जूनला फ्रंट ईगल आणि अडालिन हे दोन टँकर ओमानच्या आखातात एकमेकांवर आदळले आणि अडालिनला आग लागली. हल्ला झालेला नव्हता.

जीपीएस सरळ बंद पडला तर भोंगा वाजतो, माणूस सावध होतो. तो खोटी जागा दाखवू लागतो तेव्हा काहीच वाजत नाही. आणि जहाजावर त्याच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी मोजाल तर यादी लांबत जाते: इलेक्ट्रॉनिक नकाशा, एआयएस (जहाज आपली ओळख आणि जागा इतरांना कळवतं ती यंत्रणा), संकटकालीन संदेशयंत्रणेतली जागा आणि वेळ. जायरो होकायंत्राला अक्षांश आणि वेगाची दुरुस्तीही बऱ्याचदा जीपीएसकडूनच मिळते. ती चुकली की दिशादेखील अंशा-दोन अंशांनी सरकते, आणि हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मुसंदमला वळसा घालायच्या आधी करायच्या गोष्टी अशा. जायरोची दुरुस्ती हातानं भरायची. इलेक्ट्रॉनिक नकाशावर रडारचं चित्र चढवायचं आणि किनाऱ्याची रेघ जुळते का ते बघत राहायचं. क्वॉइन बेटांपासूनचं अंतर रडारवर मोजून दर सहा मिनिटांनी जागा लावायची. ठरलेल्या अंतरावर समांतर रेघ आखून बेटाचा ठिपका त्या रेघेवरून सरकतोय ना ते पाहायचं. खोली मोजणारं यंत्र चालू ठेवायचं. एआयएसवर दिसणारं दुसरं जहाज खरंच तिथे आहे असं धरून चालायचं नाही. टक्कर टाळायची ती रडारनं आणि डोळ्यांनी.

आता यात भर अशी, की इराणच्या किनाऱ्यावरून ओमानच्या खसबला जाणाऱ्या छोट्या वेगवान होड्या या पट्ट्या आडव्या कापतात. येताना शेळ्या-बकऱ्या, जाताना सिगारेटी आणि टीव्ही-फ्रिज, असा त्यांचा जुना धंदा. रात्री दिव्याशिवाय आठ-दहा होड्या एकदम आडव्या आल्या की रडारवर त्या तस्करांच्या आहेत की इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्ड या सशस्त्र दलाच्या, हे सांगता येत नाही. भरलेल्या टँकरचं वळण सुरू व्हायलाच वेळ लागतो आणि थांबायला काही मैल. पट्टीची रुंदी मात्र दोनच मैल.

कप्तान ‘नको’ का म्हणतो ते यातून समजावं.

---

विमापत्र | ५ जुलै, दुपारी १२.५०

विम्याबद्दल बाहेर बरेच गैरसमज आहेत, म्हणून सविस्तर.

जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्धाची जोखीम धरलेली नसते. त्यासाठी वेगळी युद्धजोखीम पॉलिसी असते, आणि तीही लंडनमधल्या विमाकर्त्यांच्या जॉइंट वॉर कमिटीनं जाहीर केलेल्या धोक्याच्या टापूंत आपोआप लागू राहत नाही. मे २०१९ मध्ये अमिरातीतल्या फुजैराजवळ चार जहाजांवर हल्ले झाल्यावर इराणचं आखात आणि ओमानचं आखात त्या यादीत आलं. तेव्हापासून तिथे शिरायचं तर प्रत्येक खेपेला वेगळा हप्ता.

रीत अशी. जहाज टापूत शिरायच्या एक-दोन दिवस आधी मालकाचा दलाल विमाकर्त्याला जहाजाचं नाव, झेंडा, मालकी, माल, बंदरं आणि तारखा कळवतो. भाव येतो, तो एक-दोन दिवसांपुरताच टिकतो. संरक्षण मिळतं सहसा सात दिवसांचं. इथेच फसगत होते. बसरा किंवा रास तनुरा या बंदरांत धक्क्याची रांग लांबली, सात दिवस उलटले, की दुसऱ्या आठवड्याचा हप्ता परत नव्या भावानं. अमेरिका, ब्रिटन किंवा इस्रायलशी मालकीचा धागा असेल तर भाव आणखी चढा.

आता आकडे. जहाजाची किंमत १० कोटी डॉलर धरा. जूनच्या आधी दर सुमारे ०.१२५ टक्के होता, म्हणजे १ लाख २५ हजार डॉलर. तणावात काही भाव ०.५ टक्क्यापर्यंत गेले, म्हणजे ५ लाख. २० लाख बॅरलवर वाटले तर बॅरलमागे २५ सेंट. त्यामुळे ‘विमा महागला म्हणून तेल थांबलं’ हे खरं नाही. जहाजाचं भाडं त्याहून कितीतरी जास्त उसळतं. जूनमध्ये आखात ते चीन मार्गाचं भाडं दुपटीच्या वर गेलं होतं.

विमा थांबवतो तो वेगळ्या कारणानं. या पॉलिसींत थोड्या दिवसांची नोटीस देऊन संरक्षण काढून घ्यायचं कलम असतं. एखादा टँकर सुरुंगावर गेला की भाव चढत नाही, भाव देणंच थांबतं. बँकेचं कर्ज असलेलं जहाज विम्याशिवाय हलवायची मालकाला मुभा नसते.

आणखी एक. भाडेकरारात बहुधा बिमको या जहाजधंद्यातल्या संघटनेचं युद्धजोखमीचं कलम असतं. कप्तानाला किंवा मालकाला वाजवी विचारांती धोका वाटला तर तिकडे जायला नकार देता येतो, आणि भाडेकऱ्याला ते मान्य करावं लागतं. ‘वाजवी’ म्हणजे काय यावरून नंतर लवादात वर्षानुवर्षं भांडणं चालतात. जहाज मात्र तोवर बाहेरच उभं राहिलेलं असतं.

---

रानजाई | ५ जुलै, दुपारी २.१५

वाचून बरंच डोक्यात शिरलं. एक शंका: मग युद्धनौका सोबत देऊन टँकर का नेत नाहीत? अमेरिकेनं १९८७ मध्ये केलं होतं ना?

---

गस्त | ५ जुलै, दुपारी ४.३०

केलं होतं. पण काय झालं ते पाहा. कुवेतच्या ११ टँकरवर अमेरिकी झेंडा चढवून जुलै १९८७ मध्ये पहिला ताफा निघाला. २४ जुलैला त्यातला ब्रिजटन हा टँकर सुरुंगावर गेला. अवाढव्य टँकरच्या आकाराला आणि कप्प्यांना एक सुरुंग पचतो, युद्धनौकेच्या पातळ पत्र्याला पचत नाही. त्यामुळे पुढचा प्रवास असा झाला, की पुढे टँकर आणि त्याच्या मागोमाग त्याचं रक्षण करायला आलेल्या युद्धनौका.

त्या वेळी इराणनं वापरलेले सुरुंग एम-०८ जातीचे. मूळ आराखडा १९०८ सालचा, रशियन. तळाशी वजन, वर साखळीनं बांधलेला गोळा, त्यावर शिशाची शिंगं. शिंगाला जहाज घासलं की आतली काचेची नळी फुटते, आम्ल बॅटरीत उतरतं आणि स्फोट होतो. एप्रिल १९८८ मध्ये सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही अमेरिकी फ्रिगेट अशाच एका सुरुंगानं जवळजवळ दुभंगली. चारच दिवसांनी अमेरिकेनं इराणी नौदलावर हल्ला चढवला. त्याच वर्षीच्या जुलैत विन्सेन्स या युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं आणि २९० माणसं गेली. सोबत द्यायला गेलेलं नौदल वर्षभरात स्वतःच युद्धात ओढलं जातं, हे विसरू नये.

सुरुंग टाकणं सोपं आहे, साधी मालवाहू होडीही चालते. काढणं फार कठीण. १९९१ मध्ये इराकनं कुवेतच्या किनाऱ्याजवळ सुमारे १,३०० सुरुंग पेरले होते. ट्रिपोली आणि प्रिन्सटन या दोन युद्धनौका एकाच दिवशी त्यांवर गेल्या. युद्ध सहा आठवड्यांत संपलं, पण पाणी साफ करायला कित्येक महिने लागले. पाण्याखाली सोनारला जे दिसतं त्यात सुरुंग थोडे. पिंपं, नांगर, टायर, बुडालेल्या होड्याच जास्त. प्रत्येक ठिपक्याजवळ पाणबुड्या किंवा दूरनियंत्रित यंत्र पाठवून खात्री करावी लागते.

आपल्याबद्दल स्पष्ट सांगायचं तर भारतीय नौदलाकडे आज एकही सुरुंगशोधक जहाज नाही. शेवटचं २०१९ मध्ये निवृत्त झालं. परवा, ३ जुलैला, संरक्षण खरेदी परिषदेनं नव्या जहाजांना तत्त्वतः मंजुरी दिली. त्यानंतर निविदा, करार, बांधणी, चाचण्या. पहिलं जहाज पाण्यात यायला बरीच वर्षं जातील. मुंबई बंदराच्या तोंडाशी कुणी सुरुंग टाकले तरी आपली अडचण हीच. होर्मुझपेक्षा याची काळजी मला जास्त वाटते.

---

मोजदाद | ५ जुलै, संध्याकाळी ६.१०

गस्त, सुरुंगांबद्दल पूर्ण सहमत. एक भर मात्र घालतो, नाहीतर चित्र एकांगी होईल.

१९८० ते ८८ च्या इराण-इराक युद्धात शेकडो व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, चारशेच्या वर खलाशी मेले. तरी सामुद्रधुनी एक दिवसही पूर्ण बंद झाली नाही. उलट १९८६ मध्ये सौदीनं उत्पादन वाढवलं आणि तेलाचा भाव कोसळला, युद्ध चालू असताना. गेल्या महिन्यातलंही पाहा: २३ जूनला ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा प्रमाण भाव, ८१ डॉलरला शिवला, आणि त्याच दिवशी इराणनं कतारमधल्या अल-उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडल्यावर ७ टक्के घसरून ७१ वर आला. कारण तेलाच्या एकाही ठिकाणाला हात लागला नव्हता.

इराणचं ९० टक्क्यांच्या आसपास तेल खार्ग बेटावरून निघतं, म्हणजे त्यालाही हाच उंबरठा ओलांडावा लागतो, आणि गिऱ्हाईक मुख्यतः चीन. जास्क बंदरापर्यंत २०२१ मध्ये टाकलेली त्यांची नळवाहिनी कागदोपत्री १० लाख बॅरलची, प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही चालत नाही. तेव्हा सरसकट बंदी इराणला परवडत नाही. तो करतो ती निवडक बंदी. जुलै २०१९ मध्ये स्टेना इम्पेरो पकडलं, एप्रिल २०२४ मध्ये एमएससी एरिस. पहिल्यावर २३ पैकी १८ खलाशी भारतीय होते, दुसऱ्यावर २५ पैकी १७. भांडण कुणाचंही असो, पकडलेल्या जहाजावर आपली पोरं असतात.

---

ऊर्ध्वपातन | ५ जुलै, रात्री ९.२०

नळवाहिन्यांचा विषय निघालाच आहे तर. ‘होर्मुझ बंद झाली तर नळानं काढू’ हे वाक्य ऐकलं की पुढचा हिशेब करून बघा.

सौदीची पूर्व-पश्चिम वाहिनी अबकैक ते तांबड्या समुद्रावरचं यानबू बंदर, सुमारे १,२०० किलोमीटर. क्षमता ५० लाख बॅरल. २०१९ मध्ये शेजारची द्रव-वायूची वाहिनी कच्च्या तेलाला वळवून ७० लाखांपर्यंत नेली. अमिरातीची हबशान ते फुजैरा, सुमारे ४०० किलोमीटर, १५ ते १८ लाख. या दोन्हींतून आजही तेल वाहतंय. म्हणून मोकळी क्षमता धरायची ती २६ लाखांच्या आसपास. रोजचे २ कोटी वजा २६ लाख, म्हणजे १ कोटी ७४ लाख बॅरल उरतातच. कुवेत, कतार आणि बहरीनला तर पर्यायी वाटच नाही. इराकची तुर्कस्तानात जाणारी वाहिनी मार्च २०२३ मध्ये बंद पडली होती, आणि तिचा संबंध उत्तरेच्या तेलाशी. बसराचं तेल दक्षिणेला पडून राहणार.

नळ मोठा असून भागत नाही. पंप लागतात, शेवटी टाक्या लागतात, जहाज भरायला धक्के लागतात. आणि मुख्य गोची सुरुवातीलाच आहे: ही सौदी वाहिनी निघते अबकैकमधून.

अबकैकमध्ये काय चालतं ते समजलं तर १४ सप्टेंबर २०१९ चा हल्ला समजेल. घवार या सौदी तेलक्षेत्राच्या विहिरीतून येणाऱ्या तेलात विरघळलेला वायू आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. सल्फाइड विषारी, पोलाद खाणारा. तसलं तेल टँकरमध्ये भरलं तर वायू सुटून टाकीतला दाब वाढेल आणि वरच्या माणसांच्या जिवावर बेतेल. म्हणून आधी दाब टप्प्याटप्प्यानं उतरवून वायू वेगळा करतात. मग मोठ्या गोलाकार टाक्या, मग उंच मनोरे. मनोऱ्यात तेल वरून खाली येतं, खालून उष्णता, सल्फाइड वर निघून जातो. याला स्थिरीकरण म्हणतात. दिवसाला ७० लाख बॅरलची ही सोय जगात एवढ्या प्रमाणावर एकाच जागी आहे. ड्रोननी नेमक्या त्याच गोल टाक्या आणि मनोरे फोडले. एका पहाटेत ५७ लाख बॅरलचं उत्पादन थांबलं, जगाच्या पुरवठ्याचा ५ टक्के. विहिरी शाबूत होत्या, नळ शाबूत होते, बंदर शाबूत होतं. मधली पायरी गेली.

सौदीनं साठ्यातलं तेल देऊन वेळ मारून नेली आणि महिनाअखेरीपर्यंत बरंचसं सावरलं. ते कौतुकास्पदच आहे. पण असे मनोरे दुकानातून उचलून आणता येत नाहीत. सुटे भाग आधीपासून आवारात असतील तर आठवडे, नसतील तर कित्येक महिने.

---

गस्त | ५ जुलै, रात्री १०.००

अबकैकबद्दल पुरवणी. तिथे पॅट्रियट, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या यंत्रणा, होत्या. पण पॅट्रियटचं रडार एका कोनापुरतं बघतं, चहूबाजूंना नाही, आणि ते उंचावरून येणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी मांडलेलं. सौदीची नजर दक्षिणेला, येमेनकडे. आले ते उत्तरेकडून, जमिनीलगत. येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी जबाबदारी घेतली, अमेरिका आणि सौदीनं इराणला धरलं, इराणनं नाकारलं.

---

तहनामा | ६ जुलै, सकाळी ८.३०

कायदा आणि परराष्ट्र धोरण, दोन्हींवर थोडं.

समुद्र कायद्याच्या १९८२ च्या करारानुसार अशा सामुद्रधुनीतून ‘पारगमन’ हा सगळ्या जहाजांचा हक्क आहे आणि किनाऱ्यावरच्या देशाला तो स्थगित करता येत नाही. इराणनं सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. त्यांचं म्हणणं, हा हक्क फक्त करारात असलेल्यांना. बाकीच्यांना ‘निरुपद्रवी गमन’, ज्यात पाणबुडीला वर येऊन झेंडा दाखवावा लागतो आणि वरून विमान नेता येत नाही. अमेरिका त्या करारात नाही, त्यामुळे दोघांचं भांडण कायम. पण धाग्यात आधीच आलंय तसं, मुख्य पट्ट्या ओमानच्या पाण्यात आहेत, आणि ओमाननं करार मंजूर केला आहे. म्हणजे तिथे इराणनं वाट अडवली तर तो शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन अडवणार. आत गेल्यावर मात्र तुंब आणि अबू मुसा ही बेटं लागतात. ब्रिटिश निघण्याच्या एक-दोन दिवस आधी, ३० नोव्हेंबर १९७१ ला, इराणनं ती घेतली. अमिरात आजही त्यांवर हक्क सांगते. ज्याच्याकडे ही बेटं, त्याची नजर वाटेवर.

आता धोरण. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केलं की आखातावर बाहेरच्या शक्तीनं ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर अमेरिका बळ वापरेल. चाळीस वर्षं अरब राजघराण्यांनी यावर भिस्त ठेवली. अबकैकनंतर अमेरिकेनं प्रत्युत्तर दिलं नाही, आणि माझ्या मते आखातातलं आजचं राजकारण त्या न दिलेल्या प्रत्युत्तरातून निघालं आहे. सौदीनं आधी बगदादमध्ये इराणशी गुपचूप बोलणी केली, मग १० मार्च २०२३ ला बीजिंगमध्ये संबंध पूर्ववत केले. या जूनमध्ये इस्रायलनं इराणवर हल्ला केला तेव्हा सौदी आणि अमिरातीनं त्याचा निषेध केला. इराणवर प्रेम बसलं म्हणून नव्हे. त्यांच्या गोड्या पाण्याचे कारखाने, वीजघरं आणि तेलघरं सगळी त्याच किनाऱ्यावर, क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात आहेत.

भारताची चाल वेगळी. १९ जून २०१९ ला नौदलानं ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू केलं, आयएनएस चेन्नई आणि आयएनएस सुनयना पाठवल्या. अमेरिकेच्या नेतृत्वाखाली तेव्हा जी आघाडी उभी राहत होती, तिच्यात आपण गेलो नाही. स्वतःच्या झेंड्याची जहाजं स्वतः सांभाळायची आणि तेहरानला शत्रू वाटायचं नाही, हा त्यातला हेतू. मला हे बरोबर वाटतं. जूनमध्ये ‘ऑपरेशन सिंधू’त, इराणमधून परत आणायच्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी, इराणनं बंद हवाई हद्द मुद्दाम उघडली, ती या जपलेल्या संबंधांमुळेच. त्याच वेळी शांघाय सहकार्य संघटनेच्या इस्रायलविरोधी निवेदनापासून भारत दूर राहिला, हे तेहरानच्याही नजरेतून सुटलं नसेल. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची कसरत किती दिवस चालेल, ही शंका रास्तच आहे.

---

रानजाई | ६ जुलै, सकाळी १०.४५

सगळे पेट्रोलबद्दल बोलतात. घरातल्या सिलिंडरचं काय? तो कुठून येतो?

---

मोजदाद | ६ जुलै, दुपारी १२.२०

ताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

भारतात गेल्या आर्थिक वर्षात सुमारे ३ कोटी १३ लाख टन एलपीजी लागला, म्हणजे दिवसाला ८५-८६ हजार टन. त्यातला साधारण ६० टक्के आयात. आणि आयातीतला ९० टक्क्यांच्या वर आखातातून: कतार, अमिराती, सौदी, कुवेत. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये मोजलं तर रोज ३६ लाख सिलिंडरांचा गॅस परदेशातून येतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा होर्मुझमधून. एका मोठ्या गॅसवाहू जहाजात साधारण ४५ हजार टन मावतो. म्हणजे रोज किमान एक भरलेलं जहाज त्या दोन मैलांच्या पट्टीतून निघायलाच हवं.

साठा? विशाखापट्टणमला खडकातली गुहा आहे, ६० हजार टनांची. देशाची एका दिवसाची गरजही भागत नाही. टर्मिनल, बॉटलिंग प्लांट, वाटेतली जहाजं, टँकर गाड्या आणि वितरकाच्या गोदामातले सिलिंडर धरले तर काही दिवसांची उशी आहे. महिन्यांची नक्कीच नाही.

कच्च्या तेलाची गोष्ट तुलनेनं बरी. रोज ५५ लाख बॅरल लागतात, त्यातले १५ ते २० लाख होर्मुझमधून. रशियाकडून जूनमध्ये त्याहून कमी आलं नाही, आणि त्या वाटेचा या सामुद्रधुनीशी संबंध नाही.

---

ऊर्ध्वपातन | ६ जुलै, दुपारी ३.००

मोजदाद यांच्याशी सहमत, आणि कारणही सांगतो. रशियाचं युराल्स हे मध्यम जड, गंधकयुक्त तेल इराक-सौदीच्या मध्यम तेलाच्या जवळचं. रिफायनरीला थोडं मिश्रण बदलून ते चालतं. एलपीजीला असा शेजारी नाही. अमेरिकेतून येऊ शकतो, पण अबू धाबीकडून मुंबईला चार दिवस लागतात, ह्यूस्टनहून आफ्रिकेला वळसा घालून पाच आठवडे. आज मागवलं तर पहिलं जहाज सव्वा महिन्यानं. मधले दिवस भागवायचे कसे? रिफायनऱ्यांना प्रोपेन आणि ब्युटेन प्लास्टिकच्या कारखान्यांकडून काढून सिलिंडरकडे वळवायला सांगता येतं, हॉटेलांचे व्यावसायिक सिलिंडर आधी रोखता येतात, दोन सिलिंडरांमधलं अंतर वाढवता येतं. मुंबई-ठाण्यात पाइप गॅसवाल्यांना झळ उशिरा लागेल, कारण घरगुती पाइप गॅसला देशी वायूचं वाटप अग्रक्रमानं होतं. खेड्यात चूल परत पेटेल, आणि धूर बायकांच्या डोळ्यांत जाईल.

पाडूर, मंगळूर आणि विशाखापट्टणमच्या, कच्च्या तेलाचा सरकारी साठा ठेवायच्या गुहांबद्दल विचारणा होईलच. एकूण ५३ लाख ३० हजार टन, म्हणजे ३ कोटी ९० लाख बॅरल. सरकारी आकडा साडेनऊ दिवसांचा, पण तो २०१९-२० च्या खपावर काढलेला. आजच्या ५५ लाखांवर सातच दिवस. फक्त होर्मुझची तूट भरायची, रोज २० लाख, तर १९-२० दिवस. गुहा पूर्ण भरलेल्या असतील तर. एप्रिल-मे २०२० मध्ये तेल मातीमोल झालं तेव्हा त्या भरून घेतल्या, हा चोख निर्णय होता.

या गुहांना आतून पत्रा किंवा अस्तर नसतं. कठीण खडकात बोगदे खणलेत आणि वरच्या बाजूला भोकं पाडून सतत पाणी सोडलेलं असतं. खडकातल्या फटींमधला पाण्याचा दाब आतल्या तेलापेक्षा जास्त ठेवला की तेल बाहेर झिरपत नाही. झिरपून आत आलेलं पाणी तळाशी साठतं, ते उपसत राहायचं. पाण्याचा दाब घसरला तर गुहा निकामी, म्हणून उन्हाळ्यात भूजलावर रोज लक्ष.

अडचण वेगळीच आहे. हे तेल आधी शेजारच्या रिफायनरीला मिळतं: मंगळूर आणि पाडूरचं मंगळूरच्या, विशाखापट्टणमचं तिथल्या. माहुलच्या दोन रिफायनऱ्यांना ते थेट नळानं येत नाही. त्यावर व्यवहार्य तोडगा अदलाबदलीचा. मंगळूरनं गुहेतलं तेल वापरायचं आणि मंगळूरकडे निघालेलं जहाज मुंबईत जवाहर द्वीपाला वळवायचं. पण तिथे व्हीएलसीसी पूर्ण भरलेलं लागत नाही, मग कोणतं जहाज वळवायचं हे आधीच कागदावर हवं. माहुलला मुंबई हायचंही काही तेल मिळतं, तेवढा आधार.

---

बाणकोटची खाडी | ६ जुलै, रात्री ८.१५

थोडं अवांतर, पण संबंध आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसलं तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला आणायला एअर इंडियाची ४८८ उड्डाणं लागली. त्यात रत्नागिरी-रायगडची कितीतरी कुटुंबं होती. तेल महागलं, तिकडून येणारा पैसा आटला, आणि पुढच्या जुलैत मुंबईतून ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण गेलं. आज आखातात आपली ९० लाखांच्या आसपास माणसं आहेत. २३ जूनला कतारनं काही तास हवाई हद्द बंद केली तेवढ्यात किती विमानं माघारी फिरली ते पाहिलंत. विमानानं सगळ्यांना आणणं १९९० मध्ये जमलं, आता या आकड्याला ते जमणार नाही. फुजैरा, सोहार, सलालाह, ही होर्मुझच्या बाहेरची बंदरं आणि तिथपर्यंतचे रस्ते धरून आराखडा हवा.

---

होकायंत्र | ७ जुलै, सकाळी ७.५०

काल तांबड्या समुद्रात मॅजिक सीज या मालवाहू जहाजावर हौथींचा हल्ला झाला. आधी होड्यांवरून गोळीबार, मग पाण्यातून सोडलेल्या बिनमाणसी होड्या. २२ जणांनी जहाज सोडलं आणि जवळून जाणाऱ्या जहाजानं त्यांना उचललं, सगळे वाचले.

या धाग्यात ही बातमी टाकायचं कारण यानबू. पूर्व-पश्चिम वाहिनीनं तेल तिथे पोचलं तरी मुंबईला यायचं तर खाली बाब-अल-मंदेबमधूनच यावं लागतं, म्हणजे याच हौथींच्या समोरून. वर जायचं म्हटलं तर भरलेलं व्हीएलसीसी सुएझमध्ये मावत नाही. तेल इजिप्तच्या सुमेद वाहिनीनं भूमध्य समुद्रात उतरवायचं, परत भरायचं आणि आफ्रिकेला वळसा.

---

ऊर्ध्वपातन | ७ जुलै, सकाळी ९.१०

बरोबर. माझ्या २६ लाखांच्या आकड्यात यानबूचा वाटा आहे, तो आपल्यापुरता वजा करून वाचावा. आपल्याला सरळ उपयोगी पडणारी एकच वाहिनी उरते, फुजैराची.

---

विमापत्र | ७ जुलै, सकाळी ९.४५

आणि २०१९ मध्ये ती चार जहाजं फोडली गेली होती ती फुजैराच्याच नांगरवाड्यात. दक्षिण तांबड्या समुद्राचे नवे भाव दुपारपर्यंत येतील. आले की टाकतो.